केसभर सैल

मी एक जुना बाक आहे. बाक म्हटलं की तुम्हाला शाळेतला आठवत असेल, कंपासने नावं कोरलेला. मी तसला नाही, मित्रांनो. मी पियानोपुढचा बाक आहे. कितीतरी देशांच्या मोठमोठ्या रंगमंचांवर मी उभा राहिलो आहे. लोक जागेवरून उठून टाळ्या वाजवत तेव्हा मी तिथेच असायचो. त्या टाळ्या माझ्यासाठी नव्हत्या, एवढी अक्कल मला आहे. पण तेव्हा जे माझ्या लक्षात आलं आणि मला सांगता आलं नाही, ते आज सांगून टाकतो. पोटात ठेवून फार वर्षं झाली.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. दारं-खिडक्या करून उरलेलं लाकूड कोपऱ्यात पडलं होतं, त्यातून मी झालो. सुताराला सहा वर्षांची मुलगी होती. ती नुकतीच पियानो शिकायला लागली होती आणि खुर्चीवर दोन उशा ठेवून बसायची. उशा घसरायच्या, बाईसाहेबही घसरायच्या. सुतार तिला लाडाने ठमी म्हणायचा. त्याने सुतळीने तिची उंची मोजली, कोपर कुठे येतं ते पाहिलं आणि त्या मापाने मला बनवलं. पुढे ती वाढली तसे त्याने माझ्या पायांना खालून ठोकळे जोडले. तीन वेळा जोडले. आजही माझे पाय नीट पाहिलेत तर तिचं सगळं लहानपण त्यात दिसेल.

एक गोष्ट मात्र त्याने मुद्दाम केली. माझ्या उजव्या मागच्या पायाचा सांधा त्याने केसभर सैल ठेवला. ताठ बसलं तर मी गप्प. दमून अंग उजवीकडे झुकलं की मी करकरायचो. कारखान्यातले बाकीचे कारागीर हसायचे.

"सुताराच्या घरचा बाक आणि करकरतो? नाक कापलंस आमचं."

"माझं नाक आहे, मी बघतो," तो म्हणाला. मग त्याने मला उलटा केला आणि त्या सांध्यापाशी पेन्सिलने काहीतरी लिहिलं. मला वाचता येत नाही. पेन्सिलीची गुदगुली तेवढी आठवते.

लेकीला त्याने एकच नियम सांगितला. "ठमे, हा करकरला की उठायचं. पाणी प्यायचं, हात खाली सोडायचे, खिडकीतून लांबचं झाड बघायचं. मग ये."

"आणि गाणं अर्धं राहिलं असेल तर?"

"राहू दे अर्धं. पळून जात नाही ते."

ती उठायची. कधी कुरकुरत, कधी मला चापट मारून, पण उठायची. अशी बारा वर्षं गेली. मी करकरायचो आणि ती झाड बघायची.

मग ती स्पर्धा जिंकली आणि आमचं फिरणं सुरू झालं. माझ्यासाठी आतून मऊ कापड लावलेली खास पेटी बनवली गेली. विमानतळावर लोक विचारायचे, "यात काय आहे?" ती सांगायची, "माझे बाबा." मला तेव्हा फार अभिमान वाटायचा. सकाळी एका देशात सराव, संध्याकाळी कार्यक्रम, दुसऱ्या दिवशी तिसरीच भाषा बोलणारी माणसं. हॉटेलच्या खोल्या मात्र सगळीकडे सारख्याच. वर्तमानपत्रांनी तिच्या हातांचे फोटो छापले. माझा फोटो कुणी छापला नाही, पण नीट पाहिलं तर कोपऱ्यात माझा एखादा पाय दिसतो.

घात झाला तो रेकॉर्डिंगच्या वेळी. एका परक्या देशातल्या सभागृहात तीन दिवस ती वाजवत होती. तिसऱ्या दिवशी, अगदी हळू वाजवायच्या जागी, ती झुकली आणि मी करकरलो. कानाला यंत्र लावून बसलेला माणूस बाहेर आला.

"कुणी दार उघडतंय का?"

पुन्हा वाजवलं. पुन्हा मी करकरलो. चार वेळा असं झालं. ती दमली होती, मित्रांनो, आणि मी माझं काम करत होतो. पाचव्या वेळी तिचा व्यवस्थापक म्हणाला, "एवढ्या एका बाकापायी आपण सगळे ताटकळलोय." तिने त्या सभागृहाच्या सुताराला बोलावलं. त्याने मला उलटा केला. पेन्सिलीची अक्षरं त्याला दिसली असणार, पण ती लिपी त्याची नव्हती. मापं लिहिली असतील असं त्याला वाटलं. त्याने त्या अक्षरांवरच लोखंडी पट्टी ठेवली आणि चार स्क्रू पिळले. मला दुखलं नाही. फक्त माझा आवाज गेला.

पुढच्या सुट्टीत ती घरी आली. सुतार आता म्हातारा झाला होता. त्याने सवयीने माझ्या खालून हात फिरवला आणि तो पट्टीवर थांबला.

"रेकॉर्डिंगमध्ये आवाज येत होता, बाबा," ती घाईघाईने म्हणाली.

"हो का," तो म्हणाला. "चांगली घट्ट बसवलीय."

त्याने हात काढून घेतला. लेक मोठी झाली, तिचं तिला कळतं, असं त्याला वाटलं असावं. पुढच्या वर्षी तो गेला, तेव्हा ती दौऱ्यावर होती.

त्यानंतर तिला उठवणारं कुणी राहिलं नाही. तीन तासांचा सराव पाच तासांवर गेला, पाचाचा सातावर. ती उजवीकडे झुकायची ते मला कळायचं. मी जीव तोडून करकरायला बघायचो, पण पट्टी हलू देत नव्हती.

एका सकाळी सरावात तिच्या उजव्या हाताची अनामिका आत वळली. एवढीशीच. तिने हात झटकला आणि पुन्हा सुरुवात केली. दुखत नव्हतं, म्हणून ती घाबरली नाही. मी मात्र घाबरलो. महिन्याभरात करंगळीही तिच्याबरोबर वळू लागली. तिने सराव वाढवला. सरावाने सुटणार नाही असं काही तिने आजवर पाहिलंच नव्हतं. इथेच तर चुकलं. जे जास्त वाजवून बिघडलं होतं, ते ती आणखी वाजवून दुरुस्त करत होती.

मग दोष माझ्यावर आणि पियानोवर आला. तिने माझ्या पायांखाली कार्यक्रमपत्रिकांच्या घड्या घातल्या, उंची कमी पडते म्हणून. पुढच्या गावी त्या काढल्या, जास्त होते म्हणून. आमच्याबरोबर एक म्हातारा फिरायचा, पियानो सुरात लावणारा. ती त्याच्या मागे लागली.

"काका, पियानोच्या पट्ट्या जड लागतायत. हलक्या करा."

"तीनदा केल्या, बाई. आणखी केल्या तर फुंकरीने वाजतील." त्याने हातातलं हत्यार खाली ठेवलं. "हात दमलाय का?"

"हात कसा दमेल? रोज सात तास बसते मी."

काकांनी हत्यारं पिशवीत भरली आणि तिच्याकडे न बघता निघून गेले. त्यांना कळलं होतं. व्यवस्थापकालाही थोडंफार कळलं असावं, कारण तो हाताविषयी काहीच विचारत नव्हता. तो फक्त पुढच्या वर्षाच्या तारखा सांगायचा. ती तीन बोटांत पाच बोटांचं काम उरकत होती आणि प्रत्येक कार्यक्रमाआधी माझी कड इतकी घट्ट धरायची की तिथलं पॉलिश गेलं.

अखेर तो दिवस आला. सभागृह भरलेलं. सुरुवात संथ होती, ती निभावली. मग उजव्या हाताची धावपळ आली आणि दोन्ही बोटं आत गेली, पाठोपाठ तिसरं. पट्ट्यांवर हात नव्हता, मूठ होती. डावा हात बिचारा एकटाच थोडा वेळ वाजवत राहिला. मग तोही थांबला. लोकांना वाटलं, गाण्यातच विराम आहे. कुणीतरी टाळी वाजवली आणि लाजून थांबलं. तिने डाव्या हाताने उजवा हात मांडीवर घेतला, लहान मूल घ्यावं तसा. आम्ही दोघं त्या दिव्यांखाली किती वेळ होतो, सांगता येत नाही.

डॉक्टरांनी काय विचारलं ते तिने नंतर धाकट्या बहिणीला सांगितलं, तेव्हा मी खोलीत होतो. "ते म्हणाले, दमल्याचं कळत नव्हतं का? मी म्हटलं, पूर्वी कळायचं."

आता ती घरी असते. तोच हात कप धरतो, बटणं लावतो, सही करतो. फक्त पियानोवर गेला की त्याची मूठ होते. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. किती, ते सांगत नाहीत.

बहिणीची मुलगी तिच्याकडे शिकायला येते. पोर हुशार आहे, पुढच्या महिन्यात तिची पहिली स्पर्धा आहे. परवा ती घामाघूम होऊन उजवीकडे झुकलेली दिसली आणि मावशी दारातच थबकली. भाची गेल्यावर तिने मला उलटा केला, बाबांच्या हत्यारांच्या पेटीतून पेचकस आणला आणि एकेक स्क्रू काढला. उजव्या हाताने. तो हात पेचकस झकास फिरवत होता, हे बघून तिला हसू आलं आणि रडूही. पट्टी निघाली. गंजाच्या डागात पेन्सिलीची अक्षरं होती. तिने ती मोठ्याने वाचली.

"हा सांधा असाच सैल राहू द्यावा. करकरला की ऊठ, ठमे."

ती तशीच जमिनीवर बसून राहिली. "वाचायला फार उशीर केला, बाबा," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने भाचीला नियम सांगितला. पोरीने मान डोलावली. काल ती माझ्यावर बसली, तास होऊन गेला, ती झुकली आणि मी इतक्या वर्षांनी करकरलो. तिने माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं, मावशी जवळपास नव्हती. तिने बूड डावीकडे सरकवलं आणि पान उलटलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी करकरत असेल. एखादं दार, एखादी आजी, तुमचीच पाठ. त्यांचं तोंड बंद करायची घाई करू नका. मला दुसरं काही येत नाही, एवढंच येतं. ती पोर आत्ता पुन्हा बसली आहे. मी वाट बघतो आहे.