तिसऱ्या टाकीची पाकिटं

"थांब, थांब, थांब!"

मावशी ओरडल्या त्या माणसावर नव्हे, पिंजरा उचलणाऱ्या साखळीवर. पण साखळीला कान कुठे असतात? अडीच तास भरले, घंटा वाजली आणि तिसऱ्या टाकीतला चारशे पाकिटांचा पिंजरा गरम पाण्यातून आपोआप उचलला जाऊन शेजारच्या बर्फाच्या पाण्यात धपकन उतरला. मावशींचा हात लाल बटणापर्यंत पोचला तेव्हा सगळं उरकलेलं होतं.

मावशी तयार जेवणाच्या कारखान्यात एकोणीस वर्षं टाकीवर होत्या. काम ऐकायला अगदी सोपं. कोंबडीचे तुकडे आणि आधीच उकडलेले बटाटे हवा काढून पाकिटात बंद होऊन येतात. ते पाकिटासकट त्रेसष्ट अंशांच्या पाण्यात बुडवून ठेवायचे. पाण्याला उकळी येऊ द्यायची नाही की ते निवू द्यायचं नाही. घरी नवरा म्हणायचा, "जन्मभर पाणीच तापवलंस, एकदा तरी उकळायचंस!" मावशी हसायच्या, पण आपल्या टाक्यांवर त्यांचा जीव होता. पाकिटात जराशी हवा राहिली की ते तरंगतं आणि पाण्याबाहेर राहिलेला भाग कच्चाच राहतो. म्हणून पिंजऱ्यावर जाळी दाबून दोन्ही बाजूंच्या खिट्या लावायच्या. नव्या आलेल्या बाईला मावशी पहिल्या दिवशी हेच सांगत, तेही तीनतीनदा, ती कंटाळेपर्यंत.

आणि आज त्याच विसरल्या होत्या. सकाळी एक फुगलेलं पाकीट काढायला त्यांनी जाळी उचलली, तेवढ्यात पहिल्या टाकीची घंटा वाजली. जाळी टाकून त्या तिकडे धावल्या, खिट्या राहून गेल्या. वेळ संपता संपता झाकण उघडून पाहिलं, तर जाळी एका बाजूने वर उचललेली आणि दहाबारा पाकिटं कोरडी पाठ वर करून निवांत तरंगत होती. आता ती दहाबारा पाकिटं चारशेंत मिसळली होती आणि बर्फाच्या पाण्यात सगळी सारखीच ओली दिसत होती.

कुणी पाहिलं नव्हतं. मावशी गप्प बसल्या असत्या तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण पाकिटावर 'एका व्यक्तीसाठी' असं छापलेलं असायचं, आणि ते मावशींना कायम खुपायचं. एकट्या माणसाचं जेवण. म्हातारं माणूस दोन मिनिटं कोमट करणार आणि खाणार. रात्री पोटात कळ आली तर त्याला पाणी द्यायलाही कुणी नाही. त्यांनी हात पुसले आणि साहेबांची केबिन गाठली.

साहेब वयाने त्यांच्या मुलासारखे. माणूस वाईट नव्हता, फक्त सतत घाईत असायचा.

"पाणी किती होतं?" त्यांनी विचारलं.

"त्रेसष्ट."

"वेळ भरली?"

"भरली."

"नोंद आहे?"

"आहे ना. मीच केलीय."

"मग झालं तर, मावशी!"

"पाणी बरोबर होतं हो साहेब. पाकिटं पाण्यात नव्हती. खिट्या मी लावल्या नाहीत. माझीच चूक आहे. चारशेच्या चारशे टाकून द्यायला हवीत."

साहेबांनी कपाळाला हात लावला. पण उठले, बर्फाच्या टाकीपर्यंत आले आणि एक पाकीट फोडून तुकडा मधोमध कापला. आत पांढराशुभ्र. "बघा." मावशींनी दुसरं फोडलं. पांढरं. तिसरं, चौथं, पाचवं, सगळी छान शिजलेली. एरवी मावशींचा ऊर भरून आला असता. आज मात्र एका कच्च्या, गुलाबी तुकड्यासाठी त्या मनातल्या मनात हात जोडत होत्या. सहाव्या पाकिटाला त्यांनी हात घातला तेव्हा साहेबांनी सुरी हळूच काढून घेतली.

"बस झालं. बाहेर गाडी उभी आहे. आणि मी वर काय सांगू? कागद बरोबर, माल बरोबर, पण आमच्या मावशींना वाटतं म्हणून फेकला?"

"वाटत नाही, साहेब. मी पाहिलंय."

"तुम्ही दमलायत," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरच माया होती, हेच मावशींना जास्त लागलं. "एकोणीस वर्षं वाफेत काढलीत. उद्यापासून लेबलं लावायला बसा. बसून काम आहे."

गाडी गेली. एकोणीस वर्षं डोळ्यांत तेल घालून राखलेलं काम दोन वाक्यांत हातातून गेलं होतं. आणि इतकं गमावून एक पाकीटसुद्धा थांबलं नव्हतं. मावशी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन रडल्या. तोंड धुतलं आणि पुन्हा रडल्या.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. नेहमीची थट्टा त्याला सुचली नाही. "सांगितलंस ना? तुझं काम संपलं," एवढंच म्हणाला.

संपलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला घराजवळचं मोठं दुकान उघडलं तेव्हा मावशी दाराशी उभ्या होत्या. थंड कपाटात पाकिटं नुकतीच लावलेली होती. त्यांनी एकेक उलटून पाहिलं. तारखेपुढे टाकीचा आकडा असतो, तो त्यांच्याशिवाय कोण वाचणार? त्या चारशेंपैकी इथे बारा निघाली, कालची, तीन नंबरची. बाराही त्यांनी टोपलीत भरली.

"मावशी, ऑफर आहे, एकाला चारच," कपाट लावणारी मुलगी म्हणाली.

"मी पुऱ्या किमतीला घेते."

"तरी चारच. मशीनच घेत नाही हो पाचवं." मुलीने आठ पाकिटं परत मांडली, पुढच्याच रांगेत, नीट ओळीत.

मावशी तिथेच घुटमळल्या. थोड्या वेळाने काठी टेकत एक आजी आल्या, चष्मा वर करून त्यांनी पाकिटं न्याहाळली आणि पुढची दोन उचलली.

"आजी, ती नका घेऊ."

"का गं?"

"नीट शिजलेली नाहीत. म्हणजे काही शिजलीयत, काही नाहीत. मी तिथेच कामाला आहे. माझ्याच हातून झालंय."

आजींनी आधी मावशींकडे पाहिलं, मग त्यांच्या टोपलीकडे.

"आणि ही चार कुणासाठी?"

"ही... मी टाकून देणार आहे."

"विकत घेऊन?"

आजी हसल्या. रागावल्या नव्हत्या, उलट कुणीतरी आपल्याशी चार शब्द बोललं याचाच त्यांना आनंद झालेला दिसत होता. "लबाड आहेस हं! आवडतात तर घे की. मला दोनच लागतात, आजचं आणि उद्याचं." त्यांनी मावशींच्या दंडावर हलकेच थोपटलं आणि पैसे द्यायच्या रांगेकडे निघाल्या.

मावशी त्यांच्या पाठोपाठ चार पावलं गेल्या. मग आपली टोपली घेऊन त्याच रांगेत, त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. आजींची काठी सटकायला लागली तेव्हा मावशींनी ती धरली, आणि पाकिटं पिशवीत भरून होईपर्यंत धरून ठेवली.