चिकटपट्टीच्या भिंती

केबिन आमच्या दिवाणखान्यातच उभी राहिली, तीही एका रविवारी सकाळी, पिवळ्या चिकटपट्टीची.

कल्पना माझीच. थीम पार्कच्या शेजारी झाडीत एक रिसॉर्ट आहे. तिथे लाकडी केबिनमध्ये राहायचं, सकाळी उठून चालत पार्कात जायचं. त्यांच्या साइटवरच्या फोटोत खोली एवढी ऐसपैस दिसत होती की पलंगापासून दारापर्यंत जायला सायकल लागावी. फोटोवर माझा विश्वास नसतो. नकाशावर असतो. नकाशा साइटच्या तळाशी, कोणी बघणार नाही अशा जागी होता. त्यातली मापं घेऊन मी सोफा भिंतीला लावला आणि जमिनीवर केबिन आखली. एक मोठा पलंग, एक दुमजली पलंग, उलगडला की झोपता येईल असा एक सोफा, न्हाणीघर, पुढे पडवी. पाच माणसांची सोय.

"एवढीशी?" आई म्हणाली. ती हॉस्पिटलात नर्स आहे, जागेचा अंदाज तिला चटकन येतो. "अगं, आमचं औषधांचं कपाट मोठं आहे याच्यापेक्षा."

"पाच माणसांची क्षमता लिहिली आहे ना? मग झालं," बाबा म्हणाले. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. कुठल्याही बंद जागेत त्यांना आधी क्षमता दिसते, मग जागा.

धाकटी बहीण, चिमणी, तेवढ्यात न्हाणीघरातून आरपार पलंगावर गेली.

"भिंत!" मी ओरडले. "दारातून ये."

त्या क्षणापासून घर बिघडलं. दुपारपर्यंत कोणी रेघ ओलांडेना. बाबा पेपर मागायला आले तेव्हा त्यांनी हवेत टकटक केली आणि आत आल्यावर दार ओढून घेतलं. आई कॉफीचे कप घेऊन पडवीतून वळसा घालून आली आणि कुरकुरली, "ही पायरी फार उंच आहे." पायरी मी आखलीच नव्हती.

अडचण एकच होती. पाचवं माणूस येत नव्हतं.

पाचवं माणूस म्हणजे आत्या, बाबांची मोठी बहीण. दोन गल्ल्या सोडून एकटी राहते, वाचनालयात काम करते. आम्ही कुठेही निघालो की ती ठरलेलं वाक्य म्हणते, "तुम्ही जा रे, मी घर बघते." आम्ही परत आलो की मात्र तिची उलटतपासणी सुरू. पाळणा किती उंच गेला? वरून काय दिसलं? कोण रडलं? या पार्कातल्या मोठ्या रोलर कोस्टर गाडीचा व्हिडिओ तिने माझ्या फोनवर इतक्या वेळा बघितला होता की शेवटच्या वळणाला तीच आधी डोळे मिटायची. "पोटात गोळा येत असेल नाही गं?" असं विचारून ती स्वतःच पोटावर हात ठेवायची.

जायचं तर तिला होतंच. पण ती घोरते, असं आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. एका नातेवाइकाच्या लग्नात सगळ्या वऱ्हाडाची झोपायची सोय एकाच दालनात होती. सकाळी कुणा जावईबापूंनी हसत विचारलं, "काल रात्री ट्रॅक्टर कोण चालवत होतं?" आणि बाबांनी तत्परतेने उत्तर दिलं, "आमची ताई." अख्खं दालन हसलं. आत्याही हसली. त्यानंतर ती कुणाच्याही घरी मुक्कामाला राहिली नाही. दिवसभर लोकांना "शू" करणाऱ्या बाईला आपल्याच नाकाची धास्ती बसली.

रिसॉर्टला माणसांची संख्या त्या संध्याकाळपर्यंत कळवायची होती. चार कळवले तर छोटी केबिन मिळणार, मग आत्यासाठी जागाच उरणार नव्हती.

आत्या दुपारी आली, ती थेट न्हाणीघराच्या भिंतीतून.

"आत्या, भिंत!" चिमणी किंचाळली.

"कुठे?" आत्याने पाय उचलून तळवा पाहिला. सगळा प्रकार कळल्यावर ती कमरेवर हात ठेवून केबिनकडे बघत राहिली. "छान आहे. पडवीसुद्धा आहे. तुम्ही चौघं मजेत मावाल."

"पाच," मी म्हणाले. "खालचा पलंग तुझा. वर चिमणी."

"नको गं. माझी झाडं वाळतात."

"तुझ्याकडे एकच झाड आहे, आत्या. आणि ते निवडुंगाचं आहे."

आत्याने चष्मा पुसला. पुसायची काही गरज नव्हती. मग खालच्या आवाजात म्हणाली, "लाकडी भिंती असतात, बाई. शेजारच्या केबिनमधल्यांना कशाला त्रास? त्यांची पण सुट्टी असते."

यावर माझ्याकडे उत्तर होतं आणि ते पिशवीत होतं. मी कारखान्यांतल्या यंत्रांचा आवाज मोजायचं काम करते. ऑफिसातलं आवाज मोजायचं यंत्र मी शुक्रवारीच घरी आणलं होतं. माझा हिशेब सोपा होता: आत्या झोपेल, मी आवाज मोजेन, आणि लाकडी भिंतीतून तो फार बाहेर जात नाही हे तिला दाखवून देईन. घोरण्याचा आवाज किती, हे आजवर कोणी मोजलंच नव्हतं. तो कोणाचा, हे तर ठरलेलंच होतं. ते तपासावं असं माझ्याही डोक्यात आलं नाही.

"रंगीत तालीम करू," मी म्हणाले. "सगळ्यांनी आपापल्या जागी अर्धा तास आडवं व्हायचं."

"मी पडवीत बसून वाचते," आत्या म्हणाली.

"ताई, जरा पाठ टेका हो," आई म्हणाली. "झोपू नका हवं तर."

"जागीच राहीन. आधीच सांगते."

गाद्या घातल्या. चिमणीची वरच्या पलंगाची गादी आत्याच्या बाजूला घालावी लागली. वरचा मजला चिकटपट्टीने दाखवायची सोय नसते. मोठ्या पलंगावर आई-बाबा, सोफ्यावर मी, हातात यंत्र. आत्या चष्मा लावून, पुस्तक छातीवर धरून, अंग चोरून पडली.

थोडा वेळ नुसता फ्रिजचा आवाज येत होता. मग तो ऐकू येईना.

आधी एक बारीक शिट्टी. मग कोणी तरी जड कपाट फरशीवरून ओढत न्यावं तसा खरखराट. मग एकदम शांतता. आणि त्या शांततेतून पुन्हा कपाट, या वेळी भरलेलं. माझ्या हातातला आकडा उडी मारून वर गेला. मी आत्याकडे बघितलं. आत्या कोपरावर उठून बसली होती, चष्मा नाकावर, डोळे टक्क उघडे, आणि बाबांकडे बघत होती.

तेवढ्यात बाबांनी असा काही जोरात सूर लावला की त्यांच्याच आवाजाने ते दचकले. डोळे न उघडताच, लहानपणापासूनच्या सवयीने, वैतागून म्हणाले, "ताई, घोरू नकोस ना गं!"

आत्याने पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

"अरे गुलामा," आत्या हळूच म्हणाली.

बाबांनी एक डोळा उघडला.

"लहानपणी रोज सकाळी आईला सांगायचास, ताई झोपू देत नाही म्हणून! आईने मला उताणं झोपायची बंदी केली. नाकात औषध घातलं माझ्या! आणि लग्नात? सगळ्यांसमोर? चोर तो चोर, वर शिरजोर!"

"अगं, पण मला खरंच ऐकू यायचं," बाबा उठून बसत म्हणाले. "जाग यायची तेव्हा आवाज चालूच असायचा."

"कोणाचा?"

बाबांनी विचार केला. लिफ्ट कुठल्या मजल्यावर अडकली आहे हे शोधताना करतात तसा, वरपासून खालपर्यंत. मग त्यांचा चेहरा उतरला. "खोलीत आपण दोघंच तर होतो," ते म्हणाले. "मी तर झोपलेला असायचो, म्हणून मी धरलं की तूच."

"आणि तू?" आत्या आईकडे वळली. "इतकी वर्षं संसार केलास, तुला कळलं नाही?"

"मला पहिल्या आठवड्यात कळलं, ताई," आई म्हणाली. "मुलींची झोप मोडू नये म्हणून आमच्या खोलीचं दार घट्ट लावून घेते. पण हे म्हणायचे, आमच्याकडे ते खानदानी आहे, ताई तर माझ्या दुप्पट. मला वाटलं, असेल बाई."

आत्या आधी रागाने थरथरली. मग ते थरथरणं कधी हसू झालं ते कळलं नाही. ती गादीवर मागे पडली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "ट्रॅक्टर!" ती म्हणायची आणि पुन्हा सुरू व्हायची. चिमणीही तिच्या अंगावर पडून हसू लागली. बाबा मान खाली घालून चिकटपट्टीचं सुटलेलं टोक बोटाने दाबत बसले.

"माफ कर, ताई," ते शेवटी म्हणाले. "सगळ्यांना सांगतो."

"सांगशीलच. आधी जावईबापूंना." आत्याने चष्मा काढून उशाशी ठेवला. "अर्धा तास झाला नाही ना अजून? मग पडू द्या मला."

ती कुशीवर वळली, मग आठवण झाल्यासारखी चक्क उताणी झाली, हातपाय पसरून. एक हात न्हाणीघरात गेला होता.

आणि तिला झोप लागली.

आणि ती घोरू लागली.

बाबांसारखं कपाट नव्हे. एखादी जुनी मोटारसायकल चढावर घ्यावी तसं, पण दमदार. खानदानी होतं ते खरंच. बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी तोंड उघडलं, बोट वर केलं.

"एक अक्षर काढाल," आई कुजबुजली, "तर पडवीत झोपाल."

बाबांनी बोट खाली घेतलं. आत्याकडे बघत राहिले. मग उठले, वळसा घालून दारातून आले आणि तिच्या पायांवर चादर ओढून पुन्हा दारातूनच परत गेले.

आई माझ्याकडे वळली. "ते बंद कर."

"पण आई, निदान तुलना..."

"बंद कर म्हटलं ना."

आकडा न बघता मी यंत्र बंद केलं. अर्धवट सोडलेलं मोजमाप मला रात्रभर बोचतं, पण तशी आज्ञाच होती.

मोटारसायकल चढ चढून गेली आणि आत्या जागी झाली. "लागली की काय झोप मला?" तिने घाबरून आईकडे पाहिलं.

"कुठे, ताई! डोळे मिटून पडल्या होतात नुसत्या."

आत्याने चिमणीकडे पाहिलं. चिमणी तोंडात उशीचं टोक कोंबून मान हलवत होती.

"मग कळवा पाच," आत्या म्हणाली. "आणि ऐक गं, त्या मोठ्या गाडीत पहिल्या डब्यात बसायचं असेल तर आधी सांगावं लागतं का?"

ती उठली, केस नीट केले, पुस्तक काखेत घेतलं. या वेळी ती भिंतीतून गेली नाही. गादी ओलांडून दारापाशी आली, हवेतली दाराची मूठ फिरवून बाहेर पडवीत गेली, ती उंच पायरी सांभाळून उतरली आणि वळून बाबांना म्हणाली, "कडी लाव रे आतून. आणि कुशीवर झोप."