दोष आढळला नाही

गाडीच्या दिव्याची तक्रार घेऊन माणूस येतो तो भर दिवसा. आणि दिवसा दिवा कधी खरं बोलत नाही.

शिवमोग्ग्याच्या या वर्कशॉपमध्ये सतरा वर्षं मी काउंटरवर बसून तक्रारी लिहून घेते आहे. उजवा दिवा पिवळट पडतो. काचेच्या आत दंव साचतं. एका बाजूचा इंडिकेटर उगाच घाईघाईनं टकटकतो. एकजण म्हणाला होता, बायकोनं दार आपटलं तरच दिवा लागतो, तेव्हा प्रत्येक वेळी हिला सोबत न्यावं लागतं. लोक चिडून सांगतात आणि मी खाली मान घालून लिहिते. मग आत मिस्त्री बटण फिरवतो, दिवा लागतो. पुन्हा फिरवतो, विझतो. मी कार्डावर तीन शब्द लिहिते: दोष आढळला नाही. माणूस गाडी घेऊन जातो आणि आठवड्यानं पुन्हा येतो, आधीपेक्षा थोडा जास्त थकलेला. मीही तशीच.

शेषगिरी दासरूंच्या कार्डावर हे तीन शब्द मी तीनदा लिहिले होते.

दासरू हरिकथा सांगतात. मी आठ वर्षांची असताना कोटे भागातल्या देवळात आईच्या मांडीला टेकून त्यांचा गजेंद्रमोक्ष ऐकला होता. हत्तीची हाक त्यांनी अशी लांबवली की मी मागे वळून दाराकडे बघितलं, देव आलाच असेल म्हणून. आता ते चौऱ्याहत्तरचे आहेत. आवाज उतरला, पण हाकेतली ओढ तशीच आहे. मागच्या सीटवर तबलजी मंजप्पा आणि पेटी घेऊन स्वतः गाडी चालवत खेड्यापाड्यांतल्या देवळांत जातात. ती देवळं नारळ आणि शाल देतात, न्यायला गाडी पाठवत नाहीत. गाडी गेली की हरिकथाही गेली.

गेल्या वर्षी तीर्थहळ्ळीहून येताना तिन्हीसांजेला ते दिवे लावायला विसरले आणि गाडी रस्त्याकडेच्या मोरीला घासली. तेव्हा त्यांची लेक श्रीलता हिनं अट घातली. दिव्याचं बटण कायमचं ‘ऑटो’वर राहील. अंधार पडला की दिवे आपोआप लागतील, उजाडलं की विझतील. अप्पांनी त्या बटणाला हात लावायचा नाही. लावला, तर किल्ली तिच्याकडे.

चार महिने झाले, दासरूंच्या गाडीचे दिवे भर उन्हात लागू लागले. आमच्याकडे दिवसा दिवे लावून गाडी धावते ती घाट उतरून मणिपालच्या इस्पितळात पेशंट नेणारी. लोक बैलगाड्यासुद्धा बाजूला घ्यायचे. कथेच्या गावी पोचलं की पोरं विचारायची, “दासरे, पेशंट कुठाय?” आणि मागून मंजप्पा म्हणायचा, “हा काय, मी. तीन तास यांचं ड्रायव्हिंग बघून आलोय.” ओळखीतलं कुणीतरी श्रीलताला फोन करून कळवायचंच. घरी भांडण. बटणाला हात लावला नाही, असं अप्पा म्हणायचे. मंजप्पा साक्ष द्यायला गेला, तर ती म्हणाली, “तबलजी समेवर कुणाच्या बाजूनं येणार, मला माहीत नाही होय?”

मग गाडी आमच्याकडे यायची. आणि मी लिहायची, दोष आढळला नाही. तो कागद घरी लेकीच्या हातात पडायचा. यंत्राचा दोष नाही, तर मग दोष कुणाचा, हे कुणी वेगळं सांगायला नको.

चौथ्यांदा ते आले ती मंगळवारची सकाळ. श्रीलता कॉलेजात शिकवते. ती स्कूटीवरून आधीच येऊन थांबली होती. माझ्याशी बोलताना तिनं पर्स दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

“रत्नाक्का, आज नीट तपासून लिहून द्या. काही नसेल तर नाही म्हणून लिहा. गाडीला गिऱ्हाईक आलंय, उद्या संध्याकाळी बघायला येतंय.”

“दासरूंना ठाऊक आहे?”

“सांगितलंय. दोन दिवस जेवले नाहीत धड.” ती बाहेर बघत राहिली. “मला काय हौस आहे का, अक्का? रोज संध्याकाळी फोन वाजला की आधी अप्पांची गाडी डोळ्यांपुढे येते. आई असती तर तिच्यावर सोडलं असतं.”

तेवढ्यात फाटकातून गाडी आत आली. लख्ख ऊन, आणि दोन्ही दिवे जळत होते.

“बंद करू नका!” श्रीलता धावली. “अप्पा, इंजिन चालू राहू दे. अक्का, बघा, स्वतःच्या डोळ्यांनी बघा.”

मी दार उघडून वाकले. बटण ‘ऑटो’वरच होतं. दासरूंनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून वर धरले होते, जसं कुणी झडती देतं तसे.

“बघितलंस, रत्ना? हे असं. मी काहीही केलेलं नाही.”

“इथे येताना फिरवलं असेल,” श्रीलता म्हणाली. राग नव्हता आवाजात, नुसता शीण होता. “आठवत नसेल तुम्हाला, अप्पा.”

आता गाडी आत घ्यायची, म्हणून मी नेहमीप्रमाणे डॅशबोर्डवरच्या देवाला हात घातला. ही माझीच पद्धत. आत बुटांची ये-जा असते, तेलाचे हात असतात. एकदा एका मिस्त्रीनं गणपतीच्या डोक्यावर पाना टेकवलेला मी पाहिला, तेव्हापासून गाडी आत जाण्याआधी देव मी स्वतः उचलते. काउंटरमागच्या फळीवर ठेवते, सकाळच्या पूजेतलं फूल वाहते. गाडी धुऊन आली की परत जागेवर बसवते. दासरूंचा देव म्हणजे वीतभर पितळी कृष्ण, चंदनी मखरात बसवलेला. सागरच्या एका सुतारानं भक्तीनं ते मखर करून दिलं होतं. मखराला नमस्कार करून मी ते दोन्ही हातांनी उचललं आणि उभी राहिले.

“गेले!” फाटकातून हनुमंतप्पा वॉचमन ओरडला.

“काय गेलं?”

“दिवे, अक्का. दिवे गेले की.”

दासरूंचे हात अजून वरच होते. मी वाकून बघितलं. मखर होतं तिथे काचेजवळ हरभऱ्याएवढा काळा डोळा. उजेड-अंधार ओळखणारा. मी मखर पुन्हा त्याच्यावर ठेवलं. चार-पाच सेकंद गेले.

“आले!”

उचललं.

“गेले! अक्का, देव उठला की झोपतायत आणि देव बसला की जागे होतायत!”

मी देव बाजूला ठेवून नुसता तळहात त्या डोळ्यावर धरला. दिवे लागले. श्रीलता पुढे येऊन उभी राहिली, बॉनेटवर हात टेकून. तिला समजायला वेळ लागला नाही. मलाच लागला. तिन्ही वेळा इंजिन बंद करून गाडी लावलेली, तिन्ही वेळा देव मी उचललेला, आणि देव उचलल्यावर गाडी आत गेलेली. आत दोष सापडणार कसा? तो मी माझ्याच हातांनी, नमस्कार करून, फळीवर ठेवत होते.

“मखर कधी आलं, दासरे?”

“माघात. नाही का... चार महिने झाले.” ते बोलता बोलता थांबले.

“म्हणजे शेवटी तुम्हीच, अप्पा,” श्रीलता म्हणाली. “तुम्हीच ठेवलंत ना ते तिथे.”

“हो. मीच ठेवलं.” त्यांनी हात खाली घेतले. मग माझ्याकडे वळून, शाळेतल्या मुलानं निकाल विचारावा तसं विचारलं, “पण बटणाला हात मी नव्हता लावला ना, रत्ना?”

“नाही, दासरे. कधीच नाही.”

त्यांनी अंगठ्यानं स्टिअरिंगवरची धूळ पुसली.

“मला वाटायला लागलं होतं, लावत असेन,” ते म्हणाले. “गेल्या शनिवारी कथेत एक पद अर्ध्यावर सुटलं. मंजप्पानं सावरून घेतलं. पण मी तिथेच मनाशी म्हटलं, लेक खरं बोलतेय. हात काय करतो ते आता डोक्याला कळत नाही. गाडी विकायला मी हो म्हटलं, ते तिच्या धाकानं नव्हे गं. माझ्याच धाकानं.”

नाकाला रुमाल लावून श्रीलता दुसरीकडे बघत होती.

मी काउंटरवर गेले. कार्डावर दोषाचा रकाना असतो, त्याच्यात दोन ओळींची जागा. मी बाजूच्या समासातही लिहिलं. दिवे बरोबर आहेत. उजेड ओळखणारा भाग मखरानं झाकला जात होता. आधीच्या तिन्ही तपासण्यांच्या वेळी मखर आमच्या कर्मचाऱ्यानं काढून ठेवलं होतं, म्हणून ‘दोष आढळला नाही’ हे तिन्ही शेरे चूक. मालकानं बटण फिरवलेलं नाही. कर्मचारी म्हणजे मी, हेही लिहिलं. खाली सही केली. साहेबांची बोलणी खावी लागणार हे ठाऊक होतं, पण आज त्याची भीती वाटण्याइतकंही अंगात त्राण नव्हतं.

कागद मी श्रीलताच्या हातात दिला. तो आजवर तिच्याच हातात पडत आला होता. तिनं उभ्याउभ्या वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला.

“आणि ते पद?” तिनं कागदावरून नजर न उचलता विचारलं. “पद सुटलं ते?”

“पद तर मी तिशीतही विसरायचो,” दासरू म्हणाले. “तुझी आई पहिल्या रांगेत बसून ओठ हलवायची, म्हणून कुणाला कळायचं नाही.”

ती हसली की काय केलं ते मला दिसलं नाही. तिनं फोन काढला आणि गिऱ्हाइकाला सांगितलं की उद्या येऊ नका. नंतर कळवते असंही म्हणाली नाही. मग स्कूटीची किल्ली हनुमंतप्पाकडे दिली, संध्याकाळी नेते म्हणून.

“अकराला माझा तास आहे. सोडाल ना, अप्पा?”

देवाला नवी जागा कुठे द्यायची ते अजून ठरलं नव्हतं. तिनं मखरासकट कृष्ण मांडीवर घेतला आणि दासरूंच्या शेजारी बसली. गाडी फाटकातून बाहेर पडताना डाव्या खांबाच्या फारच जवळून गेली. तिचा हात मखरावर घट्ट झालेला मी पाहिला. पण नजर तिनं रस्त्यावरच ठेवली.