हाताला कळेल असं मशीन

मी गाडी दुकानासमोर अशी काही लावली की मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. केला तर केला. मला घाई होती. मामंजी मात्र आधी एक पाय खाली, मग दुसरा, मग शर्ट सारखा करणं, मग खिसा चाचपून बघणं, असे उतरले. जणू दिवसभरात दुसरं काही कामच नाही.

"मामंजी, चला ना लवकर!"

"मशीन घ्यायचंय की आग विझवायचीय?"

आगच लागली होती, पण त्यांना कुठं दिसत होती! मामंजी म्हणजे माझे सासरे. जन्मभर सुतारकाम केलेलं. लग्न होऊन मी त्यांच्या घरात आले तेव्हा मला स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की आवळतो तेही माहीत नव्हतं. आता आम्ही दोघं मिळून नव्या इमारतींमध्ये स्वयंपाकघराची कपाटं बसवतो. सांगाडा मी जोडायचा, भिंतीला मी ठोकायचा, आणि दारं त्यांनी लावायची. हा आमचा नियम. दार म्हणजे कपाटाचं तोंड, लोक आत काय आहे ते नंतर बघतात, असं ते म्हणतात. त्यामुळे बिजागरीच्या स्क्रूला माझा हात लागत नाही.

आणि नेमकी दारंच फुटायला लागली होती. बिजागरीचा स्क्रू गरजेपेक्षा जास्त आत जायचा आणि बोर्डाला कडेपर्यंत तडा. एक गेलं, मग दुसरं गेलं, आणि काल तिसरं गेलं तेव्हा ठेकेदार सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं! आता अजून एक दार फुटलं तर हे काम मी दुसऱ्याला देतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "कोणाच्या हाताला नावं ठेवताय? तुम्ही पाळण्यात होतात तेव्हापासून मामंजी दारं लावतायत! मशीन म्हातारं झालंय, माणूस नाही!" रंगारी हातातला ब्रश थांबवून बघत होते. बघू देत. मी खोटं बोलत नव्हते, माझ्याकडे पुरावा होता. ड्रिलच्या तोंडाशी आकड्यांची एक रिंग असते. लहान आकड्यावर ठेवली की स्क्रू पुरेसा आवळला गेल्यावर मशीन कटकट करून आपोआप जोर सोडतं. त्याला क्लच म्हणतात. रिंग ड्रिलच्या चिन्हावर नेली की मात्र ते सोडतच नाही, रेटतच राहतं. मी रोज सकाळी रिंग स्वतः लहान आकड्यावर ठेवायची आणि संध्याकाळी बघावं तर ती ड्रिलच्या चिन्हावर गेलेली. म्हणजे रिंग सैल झालेली, हादऱ्यानं सरकत होती. मामंजींना विचारलं तर तेही म्हणाले, "सरकते खरी."

मग झालं तर. नवं मशीन घेऊ आणि हा ससेमिरा संपवू. आमचे हे दूर एका धरणावर क्रेन चालवतात. ते फोनवर म्हणाले, "बाबांना आता पुरे म्हण, घरी बसू देत." मी म्हटलं, घरी बसून काय करतील, भिंतींशी बोलतील? आणि माझं काय? अर्धं कपाट मला येतं, अर्धं त्यांना. दोघांचं मिळून एक होतं.

हत्यारांच्या दुकानातल्या माणसाला आम्ही वॉरंटीच म्हणतो, कारण त्याच्या तोंडात तोच एक शब्द. त्यानं दोन पेट्या काउंटरवर ठेवून उघडल्या. "हा अठरा व्होल्टचा सेट. ड्रिल आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर, दोन बॅटऱ्या, चार्जर. वॉरंटी आहे. हा बारा व्होल्टचा, लहान. ह्यालाही वॉरंटी."

"मोठा द्या," मी म्हटलं.

"अगं थांब," मामंजी म्हणाले. "हातात तरी घेऊ दे."

एरवी ते हत्यार उचलायचे, एकदा तोलायचे आणि म्हणायचे, हे. संपलं. आयुष्यात त्यांनी दुसऱ्यांदा हात फिरवून कधी काही घेतलं नाही. आज मात्र त्यांनी मोठं ड्रिल घेतलं, खाली ठेवलं, पुन्हा घेतलं. बटण दाबलं, सोडलं. "ह्याचं बटण फार मऊ आहे."

वॉरंटीनं दुसऱ्या कंपनीचं काढलं.

"ह्याचं कडक."

तिसरं काढलं. त्याचं नाक जड होतं. चौथ्याची मूठ जाड. पाचवं बराच वेळ हातात धरून त्यांनी डोळे मिटले आणि बटण दाबून नुसतेच उभे राहिले. मग मान हलवून तेही ठेवून दिलं.

"मामंजी, बटण मऊ नको, कडक नको, मग हवंय तरी कसं? त्याच्यावर काय झोपायचंय?"

"तू जरा गप्प बसशील का?"

मी गप्प बसले, म्हणजे तोंडानं. पाय काही ऐकेना. मी दारापर्यंत गेले, परत आले, ड्रिलच्या टोकांचा ट्रे सरकवला, पुन्हा होता तिथं ठेवला. पर्समध्ये फोन थरथरत होता. ठेकेदारच असणार. उचलला नाही. शेजारच्या दुकानात कोणीतरी लोखंडी सळ्या कापत होतं आणि तो आवाज थेट दाढेत घुसत होता. बाहेर आमच्या गाडीमुळे अडलेला कोणीतरी पुन्हा बोंबलला.

"इम्पॅक्ट ड्रायव्हरनंच मारा ना बिजागऱ्या," वॉरंटी म्हणाला. "जोर बघा त्याचा!"

"त्यानं लाकडात लांब स्क्रू मारायचे," मी खेकसले. "ठोके देत फिरतो तो. बिजागरीला लावला तर बोर्डाचा भुगा होईल. त्याला क्लच असतो का?"

"नसतो, ताई. पण वॉरंटी..."

"बरं, बरं. एक बिजागरी आणि बोर्डाचा तुकडा काढा. इथंच लावून बघतो आम्ही, म्हणजे एकदाचं ठरेल."

वॉरंटीनं आतून बोर्डाचा तुकडा आणला, शिकंज्यात आवळला, त्यावर बिजागरी ठेवली. मोठ्या ड्रिलची रिंग मी स्वतः लहान आकड्यावर आणली. नवी कोरी रिंग, टक्‌ टक्‌ करत एकेका आकड्यावर घट्ट बसणारी. ही काही आपोआप सरकणारी नव्हती. माझा जीव जरा भांड्यात पडला. मामंजींच्या हातात मशीन दिलं.

त्यांनी स्क्रू टेकवला आणि बटण दाबलं. स्क्रू झरझर आत गेला, बरोबर बसला, आणि मशीन कटकट करायला लागलं. झालं होतं. पण मामंजींनी बटण सोडलं नाही. शेजारी सळी किंचाळत होती, त्यामुळे कटकट त्यांना ऐकू गेली नसेल असं मला वाटलं.

"बाबा, झालं, सोडा," वॉरंटी म्हणाला.

ते दाबतच राहिले. कपाळाला आठ्या. आणि मग त्यांचा डावा हात वर आला. खाजवायला यावा इतक्या सहज आला, त्यानं रिंग धरली आणि सरळ ड्रिलच्या चिन्हावर नेऊन ठेवली. मशीन घुरघुरलं, स्क्रू गळ्यापर्यंत आत गेला आणि बोर्डाला कडेपर्यंत तडा गेला.

तो तडा मी ओळखला. तीन दारांवर तोच होता.

"तुम्ही... रिंग तुम्ही फिरवत होतात?"

त्यांनी मशीन अगदी हळू खाली ठेवलं. "मला सुटलेलं कळत नाही गं," ते म्हणाले. "क्लच सुटला की मुठीत बारीक हिसके बसतात ना, ते बसतच नाहीत. वाटतं, अजून आवळलं नाही, मशीन दमलं. म्हणून रिंग फिरवतो."

"कधीपासून?"

"थंडीत मुंग्या यायच्या. आता मुंग्याही येत नाहीत. डॉक्टरनं सांगितलं, आयुष्यभर थरथरणारी हत्यारं धरलीत, नस गेली." त्यांनी उजवा हात काउंटरवर उताणा ठेवला, कोणाचातरी राहून गेलेला हातमोजा ठेवावा तसा. "मी मघापासून मशीन बघत नव्हतो. हात बघत होतो. म्हटलं, एवढी नवी निघालीत, एखादं तरी असेल, ह्याला कळेल असं."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. "मग मला त्या माणसाशी भांडू का दिलंत? अख्ख्या मजल्यावर गळा फाडला मी! 'सरकते खरी' म्हणालात! माझ्या तोंडावर म्हणालात!"

"म्हणालो."

"का?"

वॉरंटी उगीचच एक पेटी पुसायला लागला होता. मामंजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू भांडत होतीस तोवर मी सुतार होतो."

 

फोन पुन्हा थरथरला. ह्या वेळी मी उचलला. ठेकेदार नमस्कारही न करता म्हणाला, "मशीन मिळालं का? की आता दुकानाचं अंगण वाकडं?" मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला नक्की माहीत होतं. मिळालं मशीन, जुन्याचीच खोड होती, उद्या बघा दारं कशी लागतात ते. एक खोटं सांगायचं आणि मग रोज त्यांच्या मागे उभं राहून रिंगवर नजर ठेवायची. जमलं असतं. निदान थोडे दिवस जमलं असतं.

मामंजींनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"मी बोलतोय," ते म्हणाले. "जुनं मशीन चांगलं होतं. माझा हात गेलाय. तीनही दारं मी फोडली. हिला माहीत नव्हतं, हिला बोल लावू नका."   पलीकडून त्यानं काहीतरी बारीक आवाजात विचारलं. "उद्यापासून दारं सूनबाई लावेल," मामंजी म्हणाले. "येतं की. माझ्यापेक्षा चांगलं येईल. पहिलं दार तुम्ही समोर उभे राहून बघा आणि मग काय ते ठरवा." फोन बंद करून त्यांनी तो माझ्या पर्समध्ये टाकला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा आत गेला.

"मला दारं लावता येत नाहीत," मी म्हटलं. "मी कधी लावलीच नाहीत! तुम्ही लावू दिलीत का कधी?"

"हात पुढे कर."

"मामंजी, मी काय म्हणतेय..."

"हात पुढे कर म्हटलं ना!"

मोठं ड्रिल त्यांनी मला उचलूही दिलं नाही. "हे फुशारकीला. कपाटात खांद्यापर्यंत शिरून दिवसभर धरायचंय. मनगट जाईल. पाच-दहा वर्षांनी तुझाही असा हात नकोय मला." बारा व्होल्टचं लहान ड्रिल माझ्या मुठीत ठेवलं, बोटं मुठीभोवती पुरतात का ते वाकून बघितलं, मागे सरकले, पुन्हा पुढे आले. वॉरंटीनं न सांगता नवा तुकडा लावला होता.

मी दाबलं. स्क्रू आत गेला, मशीननं कटकट केली, मी घाबरून लगेच सोडलं.

"कळलं?"

"कळलं."

"कुठं कळलं?"

"इथं. अंगठ्याच्या मुळाशी."

"हां," ते म्हणाले. त्यांनी आपल्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं मूळ डाव्या हातानं दाबून पाहिलं. "तिथंच कळायचं."

मग पुन्हा मारायला लावलं. आणि पुन्हा. एकदा घाईनं तिरका गेला तर म्हणाले, "गाडी लावतेस तसा स्क्रू लावू नकोस." वॉरंटी फिस्सकन हसला, मीही हसले, आणि हसता हसता माझे डोळे भरून आले ते मी बाहीला पुसले. बारा व्होल्टचा सेट ठरला.

वॉरंटी पेटी बांधायला लागला तशी मी म्हटलं, "उद्या लवकर आवरा. पहिलं दार त्याच्यासमोर लावायचंय. मी स्क्रू मारताना दार तुम्ही धरायचं."

"दार धरायला कोणीही चालेल."

"मला नाही चालणार."

  मला वाटलं, आता हे म्हणणार, पुरे झालं, मला घरी सोड.  त्यांनी पेटीचं झाकण पुन्हा उघडलं आणि वॉरंटीला विचारलं, "ह्या बॅटऱ्या भरलेल्या येतात का?"

"नाही बाबा, आधी घरी चार्ज करून घ्यायच्या. पण वॉरंटी..."

"मग घरी गेल्या गेल्या मी लावून ठेवतो," ते मला म्हणाले. "तेवढं येतं मला अजून."

त्यांनी पेटी उचलली. बोटांवर भरवसा नव्हता म्हणून कडी कोपराच्या खोबणीत अडकवली आणि खांदा वाकडा करून दाराकडे निघाले. मी घ्यायला म्हणून पटकन पुढे झाले. मग हात मागे घेतला आणि नुसतं दार उघडून धरलं.