एक तरी आत्मा

माझे सासरे आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वडीलमंडळाचे अध्यक्ष. बारा वर्षं मी त्यांचा जावई आहे आणि बारा वर्षं ते माझी ओळख "हे फ्रिज दुरुस्त करतात" अशीच करून देतात. त्यात खोटं काही नाही, पण ते अशा सुरात म्हणतात की ऐकणाऱ्याला वाटावं, मी फ्रिज चोरतो. वडीलमंडळात एक खुर्ची रिकामी झाली तेव्हा बायकोनं जेवताना हळूच माझं नाव सुचवलं. सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला.

"जावईबापू, त्या खुर्चीवर बसायचं तर आधी कुणाला तरी प्रभूकडे आणलेलं असावं लागतं. परदेशात मिशनला माणसं चाललीत. जा त्यांच्याबरोबर. एक तरी आत्मा आणा, मग बघू."

येताना दळण घेऊन या म्हणावं, तसं म्हणाले.

जाणारे आम्ही तिघं. पाळकसाहेब, त्यांची सत्तर वर्षांची आत्या, जिला सगळी मंडळी आत्याच म्हणते, आणि मी. तिघांचाही पहिलाच परदेश आणि पहिलंच मिशन. महिनाभर मी आरशासमोर साक्षीची तयारी केली. एकदा कॉम्प्रेसर फुटून त्याचा तुकडा माझ्या कानाजवळून गेला आणि प्रभूनं मला वाचवलं, ही माझी साक्ष. एकूण चौदा मिनिटं.

"कॉम्प्रेसर जरा आटपता घ्या," बायको म्हणाली. "प्रभू तेराव्या मिनिटाला येतोय. तोवर लोक घोरतील."

तिकडे उतरलो तर न्यायला चार माणसं आली होती. त्यांचा पुढारी जोड्यांचा दुकानदार होता. बोलताना तो आधी तुमच्या पायांकडे बघायचा, मग तोंडाकडे. बरोबर दुभाषीबाई होत्या. आपल्याच भाषेतल्या, लग्न होऊन तिकडे गेलेल्या, तासाप्रमाणे काम करणाऱ्या. त्यांनी आम्हाला एका सभागृहात नेलं. पन्नास खुर्च्या, दोन माइक, पाण्याच्या बाटल्या. आम्ही एका बाजूला बसलो, ते चौघं समोर बसले. अर्धा तास गेला. सगळे एकमेकांकडे बघून हसत होते.

शेवटी पाळकसाहेबांनी विचारलं, "लोक कधी येणार?"

दुभाषीबाईंनी ते तिकडे सांगितलं आणि उत्तर इकडे आणलं. "ते म्हणतात, आम्हीही तेच विचारणार होतो. तुम्ही तिघंच आलात का?"

मग पत्रं निघाली. आम्ही लिहिलं होतं, 'शुभवार्तेसाठी येत आहोत, सभेची सोय करावी.' त्यांनी लिहिलं होतं, 'अवश्य या, सभेची सोय केली आहे.' सांगणार कोण आणि ऐकणार कोण, हे दोन्हीकडे कुणी लिहिलंच नव्हतं. लिहायचं काय त्यात? आपण सांगणार हे आम्हाला माहीत होतं. तसंच ते त्यांनाही माहीत होतं. जोडेवाले गेली आठ वर्षं प्रार्थना करत होते की, देवा, अंधारातल्या देशांतली माणसं आमच्या दारात पाठव.

"अंधार?" आत्या म्हणाली. "वीज जाते आमच्याकडे, पण तासाभरात येते."

पाळकसाहेबांनी सांगितलं की आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती. जोडेवाल्यांनी विचारलं, बाप्तिस्मा कसा झाला? तान्हेपणी, कपाळावर पाणी शिंपडून. चौघांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांच्या मते तो बाप्तिस्मा नव्हे, ती आंघोळीची सुरुवात. पूर्ण बुडावं लागतं. आणि हे लोक उपासनेत ड्रम वाजवतात हे कळल्यावर आमचीही खात्री पटली की देवानं आपल्याला योग्य ठिकाणी पाठवलंय.

परतीची तिकिटं सहा दिवसांनंतरची होती. तेव्हा असं ठरलं की सकाळी त्यांनी आम्हाला तारायचं, दुपारी आम्ही त्यांना.

पाच दिवस झाले, कुणी कुणाला बधेना. मी साक्ष तीनदा दिली. दुभाषीबाईंना कॉम्प्रेसरचे सगळे भाग पाठ झाले, एकदा तर मी गाळलेला व्हॉल्व्ह त्यांनीच घातला. पण समोरून एक हात वर येईल तर शपथ. घरी बायकोला फोन केला तर मागून सासऱ्यांचा आवाज, "विचार, किती झाले?"

"चाचपणी चालू आहे म्हणून सांग," मी म्हणालो.

सहाव्या दिवशी सकाळी जोडेवाले शेवटचं बोलायला उभे राहिले. त्यांचीही ही पहिलीच मोहीम, त्यांच्याही डोक्यावर कमिटी बसलेली. घाम पुसत त्यांनी विचारलं, "आज कुणी प्रभूला जीवन द्यायला तयार आहे का?" पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना त्यांचा आवाज चिरकला.

आता आमच्या मंडळीची एक रीत आहे. पाहुण्या वक्त्यानं असं विचारलं आणि हात वर आला नाही, तर आपल्यातल्याच कुणीतरी तो करायचा. माणूस लांबून येतो, त्याला रिकाम्या हातानं पाठवणं बरं दिसत नाही. हे काम आत्याकडे असतं. आजवर तिनं एकतीस वेळा प्रभूला स्वीकारलंय. मी तिच्याकडे बघितलं. तिनं मला कोपर मारलं.

"आज तू कर रे. माझा खांदा धरलाय."

"मी?"

"बघ की बिचाऱ्याचं तोंड. कर लवकर."

मी हात वर केला. आमच्याकडे यानंतर प्रार्थना होते आणि चहा मिळतो. तिकडे पांढरा झगा आला. दोघांनी व्यासपीठाच्या फळ्या उचलल्या, तर खाली पाण्यानं भरलेला हौद. मी दुभाषीबाईंना म्हटलं, "त्यांना सांगा, हा शिष्टाचार होता." त्यांनी सांगितलं. जोडेवाल्यांनी डोळे पुसत माझा हात धरला.

"काय सांगितलंत?"

"तेच. ते म्हणतात, नम्रता हीच खरी खूण."

पाळकसाहेब मदतीला येतील असं वाटलं होतं. ते बायबलात काहीतरी शोधत होते. पाणी चार अंश असावं, आमच्या धंद्यात त्याला भाजीचा कप्पा म्हणतात. मी खाली गेलो, वर आलो, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. आठ वर्षांच्या प्रार्थनेचं फळ म्हणून तो तासाभरात सगळीकडे गेला. दुपारी ओल्या केसांनी मी चौथ्यांदा साक्ष दिली आणि विचारलं, कुणी आहे का? कुणी नव्हतं. त्यांच्यात ती रीत नाही.

विमानतळावर दुभाषीबाई तासांच्या कागदावर पाळकसाहेबांची सही घेऊन माझ्याकडे आल्या.

"एक बोलू का? मी ना तुमच्यातली, ना त्यांच्यातली. सहा दिवस सगळं दोनदा ऐकलं, एकदा तुमच्या भाषेत, एकदा त्यांच्या. मला कुणी विचारलंच नाही."

माझा आत्मा सहा दिवस माइक धरून शेजारी उभा होता. विमानाला दहा मिनिटं होती. मी म्हणालो, "बाई, एकदा मी एक फ्रिज उघडला," आणि सवयीनं थांबलो. त्यांनीही सवयीनं ते वाक्य तिकडच्या भाषेत समोरच्या खांबाला सांगितलं. पुढे सरकलंच नाही. खांबाचं भाषांतर संपेपर्यंत आमची रांग हलली.

घरी आलो त्याच संध्याकाळी वडीलमंडळाची बैठक. टेबलावर माझा हौदातला फोटो छापून ठेवलेला.

"आत्मा आणला का?" सासऱ्यांनी विचारलं.

"आणला."

"कुणाचा?"

"माझाच."

सासऱ्यांनी नियमांची वही उघडली. नवीन बाप्तिस्मा घेतलेल्याला तीन वर्षं कुठलंही पद नाही, आणि आधी सहा महिने नवशिक्यांचा वर्ग.

"मामा, माझा बाप्तिस्मा तान्हेपणीच झालाय. तुम्ही हजर होतात."

"तो तुम्हीच रद्द करून आलात, जावईबापू. आमचा काय दोष?"

मग प्रश्न आला की खुर्चीचं काय. मोहिमेत एक आत्मा तर खरोखरच मिळाला होता, मग तो मिळवला कुणी? पाळकसाहेबांनी घसा साफ करून सांगितलं की मला हात वर करायला आत्यानं लावलं. एकमतानं खुर्ची आत्याला गेली. ती लगेच बसली आणि मला म्हणाली, "पाणी आण रे."

रविवारी नवशिक्यांच्या वर्गाला गेलो. हा वर्ग माझी बायको घेते. वर्गात आम्ही दोघं, मी आणि एक बारा वर्षांची मुलगी. बायकोनं माझ्याकडे न बघता वही उघडली.

"पहिला प्रश्न. तुम्ही इथे का आलात?"

"आईनं पाठवलं," मुलगी म्हणाली.

बायको माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही?"

"सासऱ्यांनी," मी म्हणालो.