गॅलरीतला झेंडा

घरमालकीणबाईंनी खोली दोघांना दिली होती. आम्ही झालो होतो तीन, आणि चौथं माझ्या पोटात होतं.

सासूबाई माझ्या बाळंतपणासाठी आपल्या देशातून इथे परदेशात आल्या, तेव्हा बाईंनी पाहुण्या म्हणून चालवून घेतलं. पण पाहुण्या जायचं नाव घेईनात, तेव्हा बाई म्हणाल्या, "आमचा राष्ट्रीय दिन होऊ दे, मग बघते." ते 'मग बघते' ऐकल्यापासून माझी झोप उडाली. नवरा रात्रपाळीला, माझी आई गुडघ्यांनी हैराण. सासूबाईंना परत पाठवावं लागलं असतं, तर बाळाला अंघोळ कशी घालायची हेही मोबाइलमध्ये बघून शिकले असते.

सासूबाई शाळेत पीटीच्या बाई होत्या. निवृत्त झाल्या, तरी शिट्टी अजून पर्समध्ये असते. लग्नात मी पाया पडायला वाकले, तर आशीर्वादाआधी म्हणाल्या होत्या, "सरळ उभी राहा."

राष्ट्रीय दिनाच्या सकाळी बाईंनी सामाईक गॅलरीच्या कठड्याला त्यांच्या देशाचा मोठा झेंडा बांधला. मजल्यावरची मुलं जमली, कोणीतरी राष्ट्रगीत लावलं. सासूबाई सावधानमध्ये ताठ. शेजारच्या टॅक्सीवाल्याला वाटलं, म्हातारीची कंबर धरली. बिचारा खुर्ची घेऊन धावला. त्या हलल्या नाहीत. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "चाल छान आहे. पण मुलं फार चुळबुळ करतात."

संध्याकाळी माझा जरा डोळा लागला होता. दारावर धडाधड थापा पडल्या. दारात घरमालकीणबाई, मागे टॅक्सीवाला आणि अर्धा मजला.

"झेंडा कुठे आहे?"

गॅलरीचा कठडा रिकामा होता. परक्या देशात, आजच्या दिवशी, आणि आमच्याच दारात!

मी मराठीत विचारलं, तशा सासूबाई पदराला हात पुसत आल्या. "झेंडा ना? आहे की. एवढा गोंधळ कशाला?" म्हणत त्यांनी कपाट उघडलं. वरच्या खणातली बाळाची दुपटी खाली गेली होती. तिथे इस्त्रीच्या पांढऱ्या चादरीवर झेंडा होता, टोकाला टोक जुळवून घडी घातलेला.

"आई, काढलात कशाला?"

"सूर्य मावळला ना! शाळेत कधी रात्रभर ठेवला का आम्ही? ते काय धुणं आहे?"

"अहो, पण तो आपला नाही!"

"म्हणून काय झालं? दुसऱ्याच्या घरी गेलो म्हणून त्यांच्या देवाला पाय लावतो का आपण?"

मी जसंच्या तसं बाईंना त्यांच्या भाषेत सांगितलं. साखर घालायला सुचलंच नाही. बाईंनी दोन्ही हातांनी झेंडा उचलला आणि त्या निघून गेल्या. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! मी गुपचूप सासूबाईंची बॅग पलंगाखालून ओढली.

"काय शोधतेस?"

"काही नाही."

सकाळी पुन्हा बेल. बाई एकट्याच, हातात तीच घडी, तशीच.

"आमच्याकडे हा आठवडाभर असतो," त्या म्हणाल्या. "दरवर्षी रात्रंदिवस तिथेच भिजतो, मळतो. माझ्या कधी मनातही आलं नाही." मग सासूबाईंकडे बोट दाखवून, "सकाळी मी बांधेन. संध्याकाळी ह्यांनी उतरवायचा."

"आणि आठवडा संपल्यावर?" मी विचारलं.

बाईंनी माझ्या पोटाकडे पाहिलं. "मग बाळ येईल. त्याचं कोण बघणार? पुढच्या वर्षी झेंडाही लागेलच. त्यांना सांग, परत जायची घाई करू नका."

मी सासूबाईंना सांगताना रडतच होते. त्या म्हणाल्या, "राहीन की. पण त्यांना म्हणावं, गाठ फार घट्ट मारतात. सोडताना नखं तुटतात."

त्या संध्याकाळी दोघी कठड्याशी होत्या. सासूबाई मराठीत हुकूम सोडत होत्या, "ओढा! आता दुमडा! टोकाला टोक!" आणि एरवी कोणाचं न ऐकणाऱ्या बाई मुकाट्याने दुमडत होत्या. मी दाराला टेकून बघत होते. ह्या बाईंचे, माझ्या सासूचे, त्या खुर्ची घेऊन धावणाऱ्या टॅक्सीवाल्याचेसुद्धा उपकार कसे फेडायचे, कळत नव्हतं.

सासूबाईंनी मागे न बघताच हुकूम सोडला, "सरळ उभी राहा."

आम्ही दोघंही राहिलो, मी आणि पोटातलं.