गादीला हात न लावणारा बाप

मी ज्यूडोच्या वर्गातली एक जुनी गादी आहे, आणि मित्रांनो, माझ्यासमोर भलेभले कपाळ टेकवतात. मग त्याच जागी घामट तळपाय ठेवतात.

कारखान्यातून आले तेव्हा मी हिरवीगार होते. "हिला लेकीसारखी जपा," असं सरांनी सगळ्यांना बजावलं होतं. तेव्हापासून माझ्यावर घाम, लाळ, नखांचे तुकडे आणि कुणाच्या तरी कोपराची सुटलेली मलमपट्टी एवढं जमा झालं. फडकं मात्र फिरकलं नाही. किळस गादीलाही येते, फक्त नाक मुरडायची सोय नसते.

एका मुलीनं वर्ग सोडायचं काढलं. गादीला वास येतो, असं तिनं घरी सांगितलं. तिचे बाबा औषधांचे दुकानदार. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणाले. तेव्हा तिनं अट घातली: बाबांनी एक तास करून दाखवावा, मग ती सोडायचं नाव काढणार नाही, ते मध्येच उठले तर ती सुटली.

पंचेचाळिशीचे बाबा उसना पांढरा अंगरखा घालून आले. नमस्काराला वाकले आणि माझ्यापासून वीतभर वर थबकले. मग बाहीतून रुमाल काढून अंथरला आणि त्यावर कपाळ टेकलं. पोरं फिसकन हसली.

शेवटी सरांनी त्यांना पालथं पाडून वर अंग टाकलं. सहन होईना की गादीवर थाप मारायची, म्हणजे समोरचा सोडतो, असा इथला नियम. बाबांचा गाल मला चिकटला, चेहरा जांभळा पडला, पण हात काही खाली येईना. बोटं ताठ करून त्यांनी तो अधांतरी धरला होता. मला कळलं. ते मरायला तयार होते, मला हात लावायला नव्हते.

तास संपल्याची शिट्टी झाली.

"बघा, याला म्हणतात जिगर," सर म्हणाले. "पहिल्याच दिवशी थाप नाही मारली."

टाळ्या पडल्या. बाबा कडेला बसून साल निघेल इतका गाल पुसत राहिले. मुलगी हिरमुसून जवळ आली.

"जिंकलात की. येते मी उद्यापासून."

"तू रोज इथं डोकं टेकवतेस?"

"रोज."

"चल, चपला घाल," बाबा म्हणाले. "परत यायचं नाही."

मित्रांनो, ज्याच्यापुढे वाकता, ते अधूनमधून पुसतही जा. साबण आणि कोमट पाणी पुरतं. सर अजून नवीन मंडळींना त्या जिगरीची गोष्ट सांगतात.

बाप-लेक आता पोहायला जातात.